वर्ड एकदाच नीट बसवायचे असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये फाँट, ओळींतले अंतर, समास सगळे मनासारखे केले, पण नवी फाइल उघडली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मराठीचा फाँट बदलला तरी मधूनच मंगल उगवतो, कीबोर्ड आपोआप भाषा बदलतो, मराठी शब्दांखाली लाल रेघा येतात. हे सगळे कायमचे कसे बसवायचे?

यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकच आहे. सेटिंग बरोबर असते, पण ती चुकीच्या जागी साठवलेली असते. वर्डमध्ये आवडीनिवडी चार ठिकाणी राहतात. काही वर्डच्या स्वतःच्या (फाइल > ऑप्शन्समधल्या बऱ्याचशा), काही टेम्प्लेटमध्ये (नवी फाइल ज्या साच्यावरून बनते त्यात), काही फक्त समोरच्या फाइलमध्ये, आणि कीबोर्डच्या काही थेट विंडोजमध्ये. कोणती गोष्ट कुठे राहते हे कळले की निम्मे काम झाले. म्हणून खाली एकेक गोष्ट घेऊ. मेनूंची नावे इंग्रजी इंटरफेसमधली आहेत आणि सूचना विंडोजवरच्या वर्ड २०१६ किंवा त्यानंतरच्या आवृत्त्यांसाठी आहेत.

भाषा आधी, फाँट नंतर

सहसा सगळे उलटे करतात. आधी फाँट निवडतात, मग तो का टिकत नाही म्हणून डोके धरून बसतात. फाइल > ऑप्शन्स > लँग्वेज इथे लिहिण्याच्या भाषांची यादी असते. तिच्यात मराठी जोडा, वर्ड पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. हे केल्याशिवाय वर्ड देवनागरीचे निम्मे पर्याय दाखवतच नाही.

आता कंट्रोल+डी दाबा. फाँटच्या खिडकीत दोन वेगळे कप्पे दिसतील: वर लॅटिन टेक्स्ट, खाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स. वर्डच्या दृष्टीने देवनागरी ही 'कॉम्प्लेक्स' लिपी. त्यामुळे एकाच परिच्छेदातल्या इंग्रजी आणि मराठी शब्दांना दोन स्वतंत्र फाँट, दोन स्वतंत्र आकार आणि दोन स्वतंत्र ठळकपणा असतो. 'शीर्षकातले इंग्रजी ठळक झाले, मराठी साधेच राहिले' किंवा 'आकार १४ केला तरी मराठी ११ मध्येच' या तक्रारी जवळजवळ नेहमी इथे सुटतात. खालच्या कप्प्यातला आकार कुणी बघितलेलाच नसतो.

मंगल पुन्हापुन्हा का येतो, त्याचेही उत्तर इथेच आहे. खालच्या कप्प्यात 'बॉडी सीएस' असे काहीतरी लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ 'थीम (फाँट-रंगांचा तयार संच) सांगेल तो फाँट'. ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये देवनागरीसमोर मंगलचे नाव घातलेले आहे. म्हणून तिथे थीम न ठेवता फाँटचे नाव स्वतः निवडा.

कोणता फाँट घ्यावा हा आवडीचा भाग, पण आकाराचे गणित सांगण्यासारखे आहे. मंगल आणि निर्मला यूआय (विंडोज ८ पासून असलेला) हे पडद्यासाठी घडवलेले, तेवढ्याच पॉइंटात मोठे दिसणारे. कोकिळा आणि अपराजिता छपाईला देखणे, पण तेवढ्याच पॉइंटात चांगलेच लहान दिसतात. इंग्रजी ११ किंवा १२ पॉइंट ठेवले तर मंगल ११ पुरतो, पण कोकिळा १५-१६ पर्यंत न्यावा लागतो, तेव्हा कुठे दोन्ही लिप्या एका उंचीच्या वाटतात. कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फाँट विंडोज १० मध्ये यादीत दिसत नसतील तर ते सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' या नावाने उतरवून घ्यावे लागतात.

ल आणि श यांची मराठी वळणे हवी असतील (महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने हीच प्रमाण ठरवली आहेत), तर मंगलमध्ये ती मिळत नाहीत. तिरो देवनागरी मराठी हा मोफत फाँट खास त्यासाठी आहे. मात्र त्याला ठळक रूप नाही. वर्डमध्ये त्याला बोल्ड केले की अक्षराला नुसती सूज आणली जाते आणि छपाईत जोडाक्षरे भरून जातात. शीर्षकांना वेगळा फाँट नेमणे हाच मार्ग. तिरप्या अक्षरांचेही तेच: निर्मलाला इटॅलिक नाही, वर्ड ते अक्षर नुसते ढकलून तिरके करते. मराठीत जोर द्यायला ठळक अक्षर पुरते, इटॅलिकचा हट्ट सोडलेला बरा.

दोन्ही कप्पे भरून झाले की खिडकीच्या तळाशी 'सेट ॲज डीफॉल्ट' आहे. ते दाबल्यावर वर्ड विचारते: फक्त या डॉक्युमेंटसाठी, की नॉर्मल टेम्प्लेटवर आधारलेल्या सगळ्या डॉक्युमेंटांसाठी? दुसरा पर्याय निवडा. घाईत पहिल्यावरच ओके दाबले जाते, आणि 'नवी फाइल उघडली की सगळे गेले' या तक्रारीचा जन्म तिथे होतो. परिच्छेदाच्या आणि पेज सेटअपच्या खिडकीतही हेच बटण आहे; परिच्छेदाच्या खिडकीत प्रश्नही तोच.

ओळींतले अंतर: इथे घाई नको

वर्ड २०१३ पासून बरीच वर्षे साध्या परिच्छेदाचे मूळ माप १.०८ पट ओळ-अंतर आणि परिच्छेदानंतर ८ पॉइंट मोकळी जागा असे होते (अलीकडच्या आवृत्त्यांत ओळ-अंतर १.१६ पट). इंग्रजीला ते शोभते. मराठीत अडचण अशी की 'पट' हे माप फाँटच्या स्वतःच्या उंचीवर चालते. देवनागरी फाँटात वर रफार-मात्रा आणि खाली उकारासाठी जागा राखलेली असते, त्यामुळे त्यांची ओळ मुळातच उंच. परिणामी ज्या ओळीत फक्त इंग्रजी आहे ती बुटकी आणि जिच्यात एक मराठी शब्द आला ती उंच, असा दातरे पडल्यासारखा मजकूर दिसतो. लोक याला प्रिंटरचा दोष समजतात.

उपाय दोन. परिच्छेदाच्या खिडकीत लाइन स्पेसिंग 'ॲट लीस्ट' करून एक आकडा द्यावा, किंवा 'एक्झॅक्टली' करून तो पक्का बांधावा. एक्झॅक्टलीने ओळी अगदी समान येतात, पण त्याची किंमत मोजावी लागते. आकडा कमी पडला तर ओळीच्या वरची टोके छाटली जातात, आणि ओळीतच बसवलेले चित्र असेल तर त्याची एक पट्टी तेवढी दिसते, बाकी गायब. ज्यांना हे माहीत नसते ते चित्र पुन्हापुन्हा घालत बसतात. १२ पॉइंटच्या मजकुराला १९-२० पॉइंटपासून सुरुवात करा आणि 'मूर्तींची', 'शत्रूंच्या', 'राष्ट्रकूट' हे तीन शब्द एकाखाली एक लिहून पाहा. रफार-वेलांटी-अनुस्वार वरती आणि ऊकार खालती न छाटता सुटे दिसले पाहिजेत. पडद्यावर छाटलेले दिसले तरी छापताना कधी कधी नीट येते. म्हणून शेवटची खात्री पीडीएफ काढून करा. चित्रांसाठी वेगळी स्टाइल (फाँट, अंतर वगैरेंचा नाव दिलेला संच) ठेवा आणि तिचे अंतर 'सिंगल'.

मराठीत दोन्ही बाजू सरळ करणे (जस्टिफाय) अरुंद रकान्यात टाळावे. सामासिक शब्द आणि लांब प्रत्ययांमुळे ओळीत तीनच शब्द उरतात आणि त्यांच्यामध्ये खिंडारे पडतात. ए-४ च्या पूर्ण रुंदीत मात्र बरे दिसते. जस्टिफाय केलेल्या मजकुरात शिफ्ट+एंटरने तोडलेली ओळ ताणली जाते. ती ताणू नये यासाठी ऑप्शन्स > ॲडव्हान्स्डच्या अगदी तळाशी लेआउट ऑप्शन्समध्ये एक खूण आहे, 'डोन्ट एक्स्पांड कॅरॅक्टर स्पेसेस' असे तिचे नाव सुरू होते. ही सेटिंग फाइलमध्ये राहते, वर्डमध्ये नाही. म्हणजे टेम्प्लेटमध्ये घातली नसेल तर प्रत्येक नव्या फाइलला पुन्हा करावी लागेल.

नॉर्मल टेम्प्लेट

प्रत्येक कोरी फाइल नॉर्मल नावाच्या टेम्प्लेटची प्रत असते. वर्ड २००७ पासून त्याचा विस्तार डीओटीएम आहे. विंडोजच्या रन खिडकीत (विंडोज+आर) ॲपडेटा हा शब्द दोन पर्सेंट चिन्हांमध्ये लिहून एंटर मारले की जो फोल्डर उघडतो, त्याच्या आत मायक्रोसॉफ्ट > टेम्प्लेट्समध्ये ती असते. तुमच्या मूळ स्टाइल, तुम्ही नेमलेले शॉर्टकट, मॅक्रो (नोंदवून ठेवलेल्या आज्ञा) आणि ऑटोटेक्स्ट (साठवलेला ठरावीक मजकूर) हे सगळे या एका फाइलमध्ये. पण त्यात बदल वर्ड बंद होताना लिहिले जातात. सेटिंग करून तासभर काम केले आणि वीज गेली, तर मजकूर कदाचित परत मिळेल, सेटिंग मिळणार नाही. म्हणून बदल केले की एकदा वर्डच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा.

नॉर्मलमध्ये केलेला बदल जुन्या फाइलींना लागत नाही, आणि लागूही नये. दोन वर्षांपूर्वीचा अहवाल आज उघडल्यावर त्याची पाने हललेली कुणाला हवी असतात? एखाद्या जुन्या फाइलला नव्या स्टाइल द्यायच्याच असतील तर स्टाइल्सच्या पॅनमध्ये तळाशी मॅनेज स्टाइल्स, त्यात इम्पोर्ट/एक्स्पोर्ट. डावीकडे फाइल, उजवीकडे नॉर्मल. हव्या त्या स्टाइल निवडून कॉपी करा.

नॉर्मलमध्ये सगळेच कोंबू नये असे माझे ठाम मत आहे. त्यात फक्त रोजचा साधा मजकूर असावा. पत्राचे मथळे, अहवालाचे मुखपृष्ठ, पुस्तकाचे समास यांच्यासाठी वेगवेगळी टेम्प्लेटे करा: फाइल तयार करून सेव्ह ॲजमध्ये वर्ड टेम्प्लेट (डीओटीएक्स) निवडले की वर्ड आपोआप डॉक्युमेंट्समधल्या 'कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स' फोल्डरकडे जाते. पुढच्या वेळी फाइल > न्यू > पर्सनलमध्ये ती दिसतात. फोल्डर वेगळा हवा असेल तर ऑप्शन्स > सेव्हमध्ये त्याचा पत्ता बदलता येतो.

एक धोक्याची खूण: स्टाइल बदलण्याच्या खिडकीत 'ऑटोमॅटिकली अपडेट' नावाचा चौकोन असतो. तो कोरा ठेवा. त्यावर टिक असली की एका परिच्छेदाला हाताने ठळक केले तरी त्या स्टाइलचे फाइलभरचे सगळे परिच्छेद ठळक होतात. 'एक शब्द बदलला आणि अख्खी फाइल बदलली' असे कुणी सांगितले की पहिल्यांदा हेच बघावे.

लाल रेघा, ऑटोकरेक्ट आणि कीबोर्डचा उतावळेपणा

मराठी मजकुराखाली सरसकट लाल रेघा येत असतील तर वर्ड त्याला हिंदी किंवा इंग्रजी समजत आहे. कंट्रोल+ए, मग रिव्ह्यू > लँग्वेज > सेट प्रूफिंग लँग्वेज > मराठी. हे एका फाइलपुरते झाले. कायमचे हवे तर नॉर्मल स्टाइल बदलताना फॉरमॅट > लँग्वेजमधून मराठी नेमा आणि खाली 'न्यू डॉक्युमेंट्स बेस्ड ऑन धिस टेम्प्लेट' निवडा. मराठीची शब्दसूची नसल्याचा निरोप आला तर भाषेचा पॅक ऑप्शन्स > लँग्वेजमधूनच उतरवता येतो.

तरीही मराठीसाठी टाइप करतानाची तपासणी बंद ठेवणेच सोयीचे. मराठी शब्द विभक्तीने बदलत राहतो: एखादे गावाचे नाव शब्दसूचीत घातले तरी त्याच नावाचे '-च्या', '-हून', '-तल्या' लागलेले रूप पुन्हा लाल. सगळी रूपे भरत बसणे व्यर्थ आहे. ऑप्शन्स > प्रूफिंगमध्ये 'चेक स्पेलिंग ॲज यू टाइप' काढा आणि लिहून झाल्यावर एफ७ दाबून एकदाच तपासा.

त्याच पानावर ऑटोकरेक्ट ऑप्शन्स आहे. त्यातला बारकावा फार कमी लोकांना माहीत असतो: ऑटोकरेक्टची यादी भाषेगणिक वेगळी असते. खिडकीच्या मथळ्यात भाषेचे नाव लिहिलेले असते, तेही पाहा. इंग्रजीच्या यादीत घातलेला संक्षेप मराठी मजकुरात चालणार नाही. 'मशा' लिहिले की 'महाराष्ट्र शासन' यावे असे हवे असेल, तर कर्सर मराठी मजकुरात ठेवून मगच ती खिडकी उघडा. संक्षेप ३१ अक्षरांपर्यंत आणि त्याचा विस्तार २५५ पर्यंत चालतो. त्याहून मोठा मजकूर, म्हणजे करारातली ठरावीक कलमे किंवा पत्राचा समारोप, यासाठी मजकूर निवडून ऑल्ट+एफ३ ने ऑटोटेक्स्ट करावा. नंतर त्याचे नाव टाइप करून एफ३ दाबले की पूर्ण मजकूर येतो. संक्षेप निवडताना तो स्वतः अर्थाचा शब्द नसावा एवढे पाहा. 'मशा' ठेवले आणि डासांवर लेख लिहायला घेतला, तर परिणाम काय होईल ते सांगायला नको.

बंद करण्यासारखे काय? वकिली आणि कार्यालयीन मजकुरात कंसात इंग्रजी 'सी' लिहिला की कॉपीराइटचे चिन्ह होते. कलमांचे उल्लेख असलेल्यांनी ही नोंद यादीतून काढावी. एखाद्या वेळचेच असेल तर चिन्ह झाल्याबरोबर कंट्रोल+झेड दाबा, तेवढी दुरुस्ती उलटते आणि तुम्ही लिहिलेले तसेच राहते. 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप' या टॅबमध्ये आपोआप क्रमांकित यादी आणि आपोआप बुलेट या दोन खुणा काढा. तीन आडव्या रेघा टाकून एंटर मारले की पानभर रेघ येते आणि ती पुसता पुसत नाही, तीही याच टॅबमधल्या 'बॉर्डर लाइन्स'मुळे. ती परिच्छेदाची किनार असते, अक्षर नव्हे. होम टॅबवरच्या बॉर्डर्समध्ये 'नो बॉर्डर' केल्यावर जाते. गोल अवतरणचिन्हे मात्र चालू ठेवा.

युनिकोडपूर्व फाँटांत, म्हणजे कृतिदेव, श्रीलिपी, डीव्ही-टीटी सुरेख वगैरेंत, अजून काम चालू असेल तर नियम वेगळे. तिथे वर्डच्या दृष्टीने तुम्ही इंग्रजीच लिहीत असता. कृतिदेवमध्ये लहान डी म्हणजे क आणि मोठा डी म्हणजे अर्धा क्. 'कॅपिटलाइझ फर्स्ट लेटर' चालू राहिले तर वाक्याच्या सुरुवातीचा क पाय मोडून बसतो. श् आणि ष् अवतरणचिन्हांच्या कळेवर असल्यामुळे गोल अवतरणेही बंद करावी लागतात. अशा कामासाठी ऑटोकरेक्टमधली झाडून सगळी टिकमार्क काढलेली बरी. आणि नवी फाइल त्या फाँटांत सुरूच न करणे सर्वांत बरे.

आता कीबोर्ड. कर्सर इंग्रजी शब्दाजवळ नेला की कीबोर्ड आपोआप इंग्रजी, मराठीजवळ नेला की मराठी, हे ऑप्शन्स > ॲडव्हान्स्डच्या पहिल्याच गटातल्या 'ऑटोमॅटिकली स्विच कीबोर्ड' या सेटिंगमुळे होते. संपादन करणाऱ्याला ती उपयोगी पडते, सलग लिहिणाऱ्याला छळते. मराठी वाक्यात एक इंग्रजी शब्द घालून परत मागे जाऊन दुरुस्ती करणाऱ्यांनी ती बंद करावी. वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी अशी विभागणी हवी असेल, तर ती वर्डची बाबच नाही. विंडोज सेटिंग्जमध्ये टायपिंगच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवण्याची खूण आहे.

जुन्या कीबोर्डांवर लिहिलेल्या मजकुरात ॲ हे अक्षर अ अधिक चंद्र असे दोन तुकड्यांत असते. एकाच फाइलमध्ये दोन्ही प्रकार आले की शोध घेताना अर्धे शब्द सापडत नाहीत, कारण स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत आले. ऑटोकरेक्ट इथे कामाचे नाही, ते पूर्ण शब्दावरच चालते. कंट्रोल+एचने शोधा-बदला हाच उपाय, आणि तो फाइल देण्याआधीचा नेहमीचा टप्पा करून टाका.

हाताच्या सवयी

ऑप्शन्स > ॲडव्हान्स्ड हे पान लांबलचक आहे, पण त्यातल्या पाच-सहाच गोष्टी रोज जाणवतात. 'व्हेन सिलेक्टिंग, ऑटोमॅटिकली सिलेक्ट एन्टायर वर्ड' काढून टाका. इंग्रजीत ती चालून जाते. मराठीत 'घराच्या'तला फक्त '-च्या' बदलून '-तल्या' करायचा असतो आणि माउस ओढताच शेजारचा शब्दही पूर्ण धरला जातो.

कट-कॉपी-पेस्टच्या गटात चार वेगवेगळे पर्याय आहेत. त्यातला 'दुसऱ्या प्रोग्रॅममधून' हा 'कीप टेक्स्ट ओन्ली' करा. वेबपानांवरून आणलेल्या मजकुराबरोबर परके फाँट, करडी पार्श्वभूमी आणि अदृश्य सारण्या येतात, त्या तिथेच अडतात. एक तोटा: लिंक आणि ठळक अक्षरेही जातात. 'एका डॉक्युमेंटमधून दुसऱ्यात, स्टाइल जुळत नसताना' हा पर्याय 'यूज डेस्टिनेशन स्टाइल्स' वर असू द्या.

तिथेच खाली डिस्प्लेच्या गटात मोजमाप इंचांऐवजी सेंटिमीटर करता येते. त्याच गटात 'स्टाइल एरिया पेन विड्थ' शून्य असते. ती २.५ सेंमी करा आणि व्ह्यू टॅबमधून ड्राफ्टमध्ये जा. प्रत्येक परिच्छेदाच्या डावीकडे त्याच्या स्टाइलचे नाव दिसू लागते. ऐंशी पानांच्या अहवालात कुठल्या शीर्षकाला स्टाइल न देता नुसतेच हाताने मोठे केले आहे, ते दोन मिनिटांत कळते. वर्डमधली ही सर्वांत दुर्लक्षित सोय असावी. कंट्रोल+शिफ्ट+८ ने परिच्छेदांच्या खुणा दाखवून ठेवायची सवयही करून घ्या. सुरुवातीला डोळ्यांत खुपते, आठवड्यात दिसेनाशी होते.

छपाईच्या गटात ए-४ आणि लेटर कागदांत आपोआप माप बदलण्याची खूण असते. समास अचूक हवे असतील तर ती काढा.

क्विक ॲक्सेस टूलबारवर कोणत्याही बटणावर उजवी क्लिक करून ते घालता येते, आणि पहिल्या नऊ बटणांना ऑल्ट+१ ते ऑल्ट+९ हे शॉर्टकट फुकट मिळतात. म्हणून तिथे सेव्ह-अनडू घालू नका, त्यांना कळा आहेतच. ज्यांना कळ नाही ती घाला: सेट प्रूफिंग लँग्वेज, पीडीएफ.

स्वतःचे शॉर्टकट नेमायला ऑप्शन्स > कस्टमाइझ रिबनच्या तळाशी 'कीबोर्ड शॉर्टकट्स: कस्टमाइझ' आहे. नेमताना कीबोर्ड इंग्रजीत ठेवा, आणि 'सेव्ह चेंजेस इन'मध्ये नॉर्मल आहे ना ते पाहा. कंट्रोल+ऑल्टच्या जोड्या जपून. विंडोजसाठी उजवा ऑल्ट म्हणजे कंट्रोल+ऑल्टच. इंग्लिश (इंडिया) कीबोर्डवर रुपयाचे ₹ चिन्ह उजवा ऑल्ट+४ ने येते. कंट्रोल+ऑल्ट+१, २, ३ या शीर्षकांच्या कळा वर्डमध्ये आधीच आहेत, त्या धर्तीवर चौथे शीर्षक कंट्रोल+ऑल्ट+४ ला नेमले, की ₹ लिहिताच ओळ शीर्षक होते.

पानांचे क्रमांक १, २, ३ असे देवनागरीत हवे असतील तर इन्सर्ट > पेज नंबर > फॉरमॅट पेज नंबर्समधल्या यादीत खाली ते असतात. भारतीय भाषा जोडलेली नसेल तर दिसत नाहीत.

सेव्ह

ऑटोरिकव्हर १० मिनिटांवर असते, ते ३ करा. पण ते सेव्ह करणे नव्हे: वर्ड कोसळले तरच त्याचा उपयोग, नीट बंद करताना 'डोन्ट सेव्ह' म्हटले तर त्यावर विसंबू नये. ॲडव्हान्स्ड > सेव्हमध्ये 'ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी' चालू केले की संगणकावरच्या फाइलशेजारी आधीच्या सेव्हची प्रत राहते. फाइल दुसऱ्याच्या संगणकावर जाणार असेल तर ऑप्शन्स > सेव्हमध्ये 'एम्बेड फाँट्स इन द फाइल' टिक करा. समोरच्याने मजकूर बदलायचा असेल तर 'फक्त वापरलेली अक्षरे' हा पोटपर्याय कोरा ठेवा, नाहीतर त्याने लिहिलेले नवे जोडाक्षर वेगळ्याच फाँटात येईल. फाँटाच्या परवान्यात मनाई असेल तर तो एम्बेड होत नाही, अशा वेळी पीडीएफच.

लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्स

तत्त्व तेच, जागा वेगळ्या. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स > ऑप्शन्सच्या भाषेच्या विभागात कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे मराठी नेमा. मग लिब्रेऑफिस रायटर > बेसिक फाँट्स (सीटीएल) इथे देवनागरीचे फाँट. फाँटात मराठी ल-श ची सोय असेल तर लिब्रेऑफिस मजकुराची भाषा पाहून ते रूप दाखवते, म्हणून भाषा हिंदी राहिलेली नसावी. स्वतःचे टेम्प्लेट फाइल > टेम्प्लेट्समध्ये ठेवून 'सेट ॲज डीफॉल्ट' करा. शब्द अर्धा लिहिताच पुढचा भाग सुचवला जातो आणि ओळ संपवायला एंटर मारले की तोच शब्द बसतो, ही खास लिब्रेऑफिसची डोकेदुखी. टूल्स > ऑटोकरेक्ट ऑप्शन्स > वर्ड कम्प्लिशनमध्ये स्वीकारण्याची कळ एंटरऐवजी टॅब करा किंवा ते बंदच करा.

गूगल डॉक्समध्ये एक परिच्छेद मनासारखा सजवून 'नॉर्मल टेक्स्ट' त्याच्याशी जुळवा, मग फॉरमॅट > पॅराग्राफ स्टाइल्स > ऑप्शन्स > सेव्ह ॲज माय डीफॉल्ट स्टाइल्स. आपोआप बदलणारे शब्द टूल्स > प्रेफरन्सेसमध्ये.

बिघडले तर, आणि नव्या संगणकावर जाताना

वर्ड उघडताना अडखळत असेल किंवा केलेली सेटिंग टिकतच नसेल, तर कंट्रोल दाबून धरून वर्ड सुरू करा. ते सेफ मोडमध्ये उघडायचे का असे विचारते. सेफ मोडमध्ये सगळे ठीक चालले तर दोष एखाद्या ॲड-इनचा (वर्डला जोडलेल्या जादा प्रोग्रॅमचा) किंवा नॉर्मलचा. ॲड-इन एकेक करून बंद करा. त्यानेही भागले नाही तर वर्ड बंद करून नॉर्मलचे नाव बदला, पुसू नका. वर्ड नवी कोरी नॉर्मल तयार करते, आणि जुन्या फाइलमधल्या स्टाइल व मॅक्रो ऑर्गनायझरने (वर सांगितलेल्या इम्पोर्ट/एक्स्पोर्टच्या खिडकीने) परत आणता येतात. नॉर्मलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीड-ओन्ली' टिक आहे का हेही पाहा. दुसऱ्या संगणकावरून कॉपी करून आणलेल्या फाइलींत ती कधी कधी राहून जाते.

नव्या संगणकावर न्यायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: नॉर्मल टेम्प्लेट, कस्टम ऑफिस टेम्प्लेट्सचा फोल्डर, ॲपडेटामधल्या मायक्रोसॉफ्ट > ऑफिसमधल्या एसीएल विस्ताराच्या ऑटोकरेक्ट फाइली (नावात ११०२ ऐवजी दुसरा आकडा दिसला तर ती फाइल दुसऱ्या भाषेची, कारण मराठीचा भाषा-क्रमांक ११०२ आहे आणि अमेरिकन इंग्रजीचा १०३३), मायक्रोसॉफ्ट > यूप्रूफमधली स्वतःची शब्दसूची, आणि कस्टमाइझ रिबनच्या पानावरच्या इम्पोर्ट/एक्स्पोर्टने काढलेली रिबन व टूलबारची फाइल. शॉर्टकट या शेवटच्या फाइलमध्ये येत नाहीत, ते नॉर्मलमध्ये असतात. ऑप्शन्समधल्या टिकमार्कांपैकी बऱ्याच यातल्या कशातच नसतात, त्या विंडोजच्या रजिस्ट्रीत राहतात आणि नव्या संगणकावर हातानेच लावाव्या लागतात. त्यासाठी ॲडव्हान्स्ड पानाचे चार-पाच स्क्रीनशॉट काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.